हिशेबाचा हक्क आणि शाळेतला संगणक
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



म्हैसूर शहराच्या नैऋत्येस, कबिनी नदीच्या खोऱ्यात, सरगूर हे गाव आहे. पूर्वी ते हेग्गडदेवनकोटे तालुक्यात मोडत असे. आता तो स्वतंत्र तालुका आहे. एका बाजूला नागरहोळे आणि बंडीपूरची अरण्ये, दुसऱ्या बाजूला १९७४ साली पुरे झालेले कबिनीचे धरण. या धरणाने आणि त्या अरण्यांना मिळालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या व राष्ट्रीय उद्यानाच्या दर्जाने जेनु कुरुब, बेट्ट कुरुब, येरव, सोलिग या आदिवासींना त्यांच्या वस्त्यांतून उठविले. त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे आज कोडगूच्या कॉफीमळ्यांत रोजंदारीवर राबतात. मळ्यांवर काम निघाले की आईबाप निघतात, त्यांच्या पाठोपाठ मुले निघतात आणि शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा पडतात.

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. कोयनेचे धरणग्रस्त, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा-धडगावचे नर्मदाग्रस्त, मेळघाटातून हलविलेली कोरकू गावे, मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले ही सरगूरच्या मुलांची भावंडेच आहेत. म्हणून शालेय गणित शिकविण्यासाठी संगणक आणि इंटरनेट यांचा उपयोग करावा काय, कसा करावा, आणि तो कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाचा विचार सरगूरपासून सुरू करणे योग्य होईल. शहरातील सुखवस्तू घरांतील मुलाला यंत्र नसले तरी शिकवणीचा मास्तर असतो. सरगूरच्या मुलाला सरकारी शाळा चुकली की सर्वच चुकते. कोणत्याही शिक्षणयोजनेची खरी कसोटी त्याच्यापाशी लागते.

गणितच का?

गणित हा केवळ परीक्षेचा विषय आहे अशी समजूत मध्यमवर्गात रूढ आहे. कष्टकऱ्यांचा अनुभव निराळा आहे. ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासी लग्नासाठी जमीनदाराकडून थोडीशी रक्कम उचलत आणि ती फेडता फेडता ‘लग्नगडी’ म्हणून आयुष्य त्याच्या दारात काढीत. कर्ज किती, फिटले किती, उरले किती, हे सारे सावकाराच्या वहीत असे. वारल्याच्या हाती केवळ अंगठा असे. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाने वारली उठले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक साधे त्रैराशिक होते: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. ज्याला वजन आणि दर यांचा गुणाकार करता येतो त्याला फसविणे कठीण जाते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरताना अभ्यासक्रमात हिशेबाला स्थान मागितले, त्यामागे हीच जाण होती.

आज परिस्थिती काय आहे? ग्रामीण भारतातील मुलांच्या पाहणीचा ‘असर’ हा अहवाल सांगतो की, २०२४ साली पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांनाच साधा भागाकार करता आला. आठवीतही हे प्रमाण ४५.८ टक्क्यांच्या वर गेले नाही. म्हणजे आठ वर्षे शाळेत बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले मजुरीची वाटणी कागदावर करू शकत नाहीत. हे अपयश मुलांचे नव्हे. एका शिक्षकावर चालणाऱ्या शाळा देशात आजही एक लाखाहून अधिक आहेत. तेथे गणिताचा तास कसा होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

यंत्राला काय येते?

या परिस्थितीत संगणकाची गोष्ट निघाली की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत म्हणते, यंत्र आले की सर्व प्रश्न सुटतील. दुसरे मत म्हणते, हे श्रीमंतांचे खेळणे आहे, गरिबाच्या शाळेला त्याचा काय उपयोग? ही दोन्ही मते टाकून वस्तुस्थिती पाहिली पाहिजे.

भूमितीतील एक उदाहरण घ्या. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हे प्रमेय फळ्यावर शिकविताना शिक्षक एक वर्तुळ काढतो, त्याचा व्यास काढतो, परिघावर एक बिंदू घेतो आणि तो व्यासाच्या टोकांना जोडतो. मुलांना एकच आकृती दिसते. ‘जिओजेब्रा’सारख्या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर तोच बिंदू मूल स्वतःच्या हाताने परिघावरून फिरविते. आकृती पालटत जाते, परंतु कोनाचे माप ९० अंशांवरून ढळत नाही. मग मूल तो बिंदू वर्तुळाच्या आत ओढते, तर कोन वाढतो. बाहेर नेते, तर कमी होतो. परिघावर असण्याला काही अर्थ आहे हे त्याला कोणी सांगण्यापूर्वी डोळ्यांनी उमगते. हे सामर्थ्य खडूच्या अंगी नाही, हे मान्य करावयास हवे.

परंतु येथेच यंत्राची मर्यादाही आहे. कोन काटकोन दिसतो. तो काटकोनच का, हे पडदा सांगत नाही. त्यासाठी केंद्र आणि तो बिंदू जोडावा लागतो, दोन त्रिज्यांमुळे तयार झालेले दोन समद्विभुज त्रिकोण ओळखावे लागतात आणि त्यांचे समान कोन मोजून त्रिकोणाच्या १८० अंशांचे दोन सारखे वाटे होतात हे पटवून घ्यावे लागते. पाहण्यापासून सिद्ध करण्यापर्यंतची ही वाट मुलाला शिक्षकाच्या प्रश्नांनी आणि सोबतच्या मुलांशी घातलेल्या वादानेच चालता येते.

दुसरे उदाहरण प्राथमिक शाळेतील आहे. ५२ वजा ३८ हे गणित पुष्कळ मुले २६ असे करतात. यंत्र तत्काळ सांगते: चूक. मूल पुन्हा तेच करते, यंत्र पुन्हा तेच सांगते. अनुभवी शिक्षिका मात्र विचारते, ‘बाळ, कसे केलेस ते सांग बघू.’ मूल सांगते, पाचातून तीन गेले दोन, आठातून दोन गेले सहा. तेव्हा कळते की मूल बेफिकीर नाही. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करावयाचे असा एक नियम त्याने मनाशी बांधला आहे. दशक सुटा करणे म्हणजे काय, हे त्याला काड्यांच्या जुडीने दाखविले की उत्तर १४ येते. मुलाच्या चुकीमागेही एक विचार असतो. तो ऐकून घेणारे माणूस वर्गात नसेल, तर कोणतेही यंत्र त्याची भरपाई करीत नाही.

अनुभव काय सांगतो?

हा केवळ तर्क नव्हे; प्रत्यक्ष प्रयोगांचा आधार त्याला आहे. मराठी वस्ती मोठी असलेल्या वडोदरा शहरातील शंभर पालिका शाळांना २००० साली गुजरात शासनाने प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी ते मुलांच्या हाती पोचलेच नव्हते. त्यानंतर ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुले, अशी गणिताच्या खेळांची योजना आखली. ती मुलांच्या पातळीप्रमाणे चाले आणि सोबत माणूस असे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची मोजणी केली, तेव्हा गणिताच्या गुणांत ठळक वाढ दिसली. परंतु योजना संपल्यावर वर्षभरात त्या वाढीतील बराच भाग ओसरला. यंत्र ठेवून दिल्याने काहीच झाले नाही, योजनापूर्वक वापरल्याने लाभ झाला आणि वापर थांबताच लाभही आटला, असा वडोदऱ्याचा हा तिहेरी धडा आहे.

गुजरातमधीलच दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत संगणकाचा पाठ दोन प्रकारे देऊन पाहिला गेला. जेथे तो शिक्षिकेच्या तासाच्या जागी दिला, तेथे मुले मागे पडली; जेथे तो शाळेच्या वेळेबाहेर, शिकविण्याला जोड म्हणून दिला, तेथे मुले पुढे गेली. यंत्र तेच होते आणि पाठही तेच होते. फरक एवढाच की एका जागी यंत्राने माणसाला हटविले आणि दुसऱ्या जागी त्याला साथ दिली.

जगाचा अनुभवही निराळा नाही. पेरू देशात ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना गाजावाजाने राबविली गेली. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासात गणिताच्या प्रगतीवर तिचा परिणाम आढळला नाही. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातील तंत्रज्ञानावर जागतिक अहवाल काढला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच हे साधन कोणाच्या अटींवर, असा प्रश्न विचारला. आपल्याही पुढे तोच प्रश्न आहे.

कोणाच्या अटींवर?

मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांतील भेद दाखवून दिला होता. यंत्र स्वतः श्रम हलके करते. भांडवलाच्या हाती गेले की तेच कामगाराला बेकार करते. शाळेतील संगणकालाही हा भेद लागू पडतो. कर्नाटकाचा अनुभव पाहा. या शतकाच्या आरंभी तेथे ‘माहिती सिंधू’ योजनेतून सुमारे हजार सरकारी हायस्कुलांत संगणककक्ष उभे झाले. ते चालविण्याचे काम खाजगी संगणक कंपन्यांना दिले गेले. पुढील योजनांतही कंपनीने कक्ष उभारावा, तिनेच चालवावा आणि मुदत संपल्यावर शाळेकडे सोपवावा, हीच पद्धत चालू राहिली. कंपनीचा कंत्राटी प्रशिक्षक संगणक शिकवी आणि गणिताचा शिक्षक दाराबाहेर राही. संगणक हा एक वेगळा विषय झाला, गणिताचे साधन झाला नाही.

केरळने वेगळी वाट धरली. २००१ साली तेथे ‘आयटी अॅट स्कूल’ हा शासकीय प्रकल्प सुरू झाला. एका बड्या कंपनीचे सॉफ्टवेअर अभ्यासक्रमात येऊ घातले, तेव्हा केरळ शालेय शिक्षक संघटनेने त्याला विरोध केला. कोणालाही वापरता, वाटता व सुधारता येईल असे मुक्त सॉफ्टवेअर तेथील शाळांत पुढे रूढ झाले, त्यात या विरोधाचा मोठा वाटा आहे. शाळेतल्याच शिक्षकांना तयार केले गेले. गणिताचा शिक्षक जिओजेब्रा वापरू लागला. २०१७ साली या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले आणि पुढील काळात आठवी ते बारावीचे ४५ हजार वर्ग संगणक व प्रक्षेपकाने सज्ज झाले. केरळच्या शाळांत सर्व आलबेल आहे असा याचा अर्थ नव्हे. परंतु साधन, सॉफ्टवेअर आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही तिन्ही सार्वजनिक ठेवता येतात, हे तेथे सिद्ध झाले.

कर्नाटकातील शिक्षकांनीही हे ओळखले. २०११च्या सुमारास राज्याच्या शिक्षणखात्याने बंगलोरच्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेच्या साह्याने गणित, विज्ञान व समाजशास्त्राच्या हायस्कूल-शिक्षकांचे विषयवार मंच उभे केले. मुक्त सॉफ्टवेअर शिकलेल्या शिक्षकांनी आपले पाठ, आकृत्या व प्रश्न इंटरनेटवरून एकमेकांना देण्यास सुरुवात केली. त्यातून कन्नड व इंग्रजीत सर्वांना खुले असे शिक्षणसाहित्य जमत गेले. आडगावच्या एकाकी गणितशिक्षकाला दुसऱ्या जिल्ह्यातील शिक्षकाशी ‘हा भाग मुलांना कसा समजावता?’ एवढे विचारता येणे, ही इंटरनेटची देणगी लहान नव्हे. येथे इंटरनेट मुलाला वस्तू विकत नाही. शिक्षकाला शिक्षकाशी जोडते. १९८४ साली स्थापन झालेल्या आणि सरगूरमध्ये वैद्यकीय व शैक्षणिक काम करणाऱ्या स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट या संस्थेने होसहळ्ळी येथे आदिवासी मुलांची शाळा चालविली आहे. तिच्या कामाची दखल घेतली पाहिजे. तथापि स्वयंसेवी संस्था कितीही कष्टाळू असली, तरी ती राज्यसंस्थेचे कर्तव्य आपल्या अंगावर घेऊ शकत नाही, आणि तसे तिच्यावर लादलेही जाऊ नये.

मालकीचा धडा

जिओजेब्राचीच कहाणी या प्रश्नावर लख्ख प्रकाश टाकते. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१-०२ मध्ये विद्यार्थी असताना ते तयार केले. जगभरच्या शिक्षकांनी ते उचलले, वेगवेगळ्या भाषांत नेले, त्यासाठी असंख्य पाठ रचले आणि फुकट वाटले. डिसेंबर २०२१ मध्ये ते चालविणारी कंपनी भारतातील ‘बायजूज’ने विकत घेतली. शिकवणीच्या बाजारातून वर आलेल्या या कंपनीची किंमत २०२२ साली २२ अब्ज डॉलर ठरविली गेली. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. हजारो शिक्षकांच्या सामुदायिक श्रमातून मोठे झालेले साधन भांडवलाच्या बाजारात एका सहीने हात बदलते, आणि विकत घेणारा स्वतःच पुढे बुडतो. जिओजेब्राचा मूळ आज्ञासंच मुक्त परवान्याखाली असल्यामुळे त्याची दारे पुरती बंद होणे कठीण आहे. मुक्त परवाना हा तांत्रिक बारकावा नसून सार्वजनिक मालमत्तेचे कुंपण आहे, हे यावरून समजून घेतले पाहिजे.

महामारीने या प्रश्नाला रक्तामांसाचे रूप दिले. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले असे सांगण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांची पाहणी झाली, तेव्हा ग्रामीण मुलांपैकी केवळ ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकताना आढळली. ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात, ज्यात कर्नाटकही होते, ८२ टक्के मुलांनी गणितातील आदल्या वर्षीचे किमान एक कौशल्य गमावल्याचे दिसले. त्याच काळात कर्नाटकातील सरकारी शिक्षक ‘विद्यागम’ योजनेखाली वस्त्यांवर गेले; देवळाच्या ओसरीत, झाडाखाली त्यांनी वर्ग भरविले. पडदा जेथे पोचला नाही तेथे शिक्षक पायी पोचला, ही गोष्ट विसरता कामा नये.

भाषेचा प्रश्न

जेनु कुरुब मूल घरी एक बोली बोलते, शाळेत कन्नडमध्ये शिकते आणि संगणकासमोर बसले की बहुधा इंग्रजीला तोंड देते. तीन उंबरठे ओलांडून त्याने गणितापर्यंत पोचावयाचे. धडगावचे भिल्ल किंवा मेळघाटचे कोरकू मूल मराठीच्या उंबरठ्यावर असेच अडखळते. भाषांतर म्हणजे केवळ पर्यायी शब्द देणे नव्हे. मराठीत १८२०च्या दशकापासून गणिताची पुस्तके छापली जात आहेत. दोनशे वर्षांत त्रिज्या, परीघ, छेद, चल असे शब्द घडले, रुळले. त्रिज्या हा शब्द कन्नडमध्येही आहे. हे धन यंत्रावर आले पाहिजे, आणि त्याच्या अलीकडे मुलाच्या बोलीतील मोजण्याचे, वाटण्याचे, अधिक-उण्याचे शब्द वर्गात ऐकले गेले पाहिजेत. जे यंत्र मुलाच्या भाषेत बोलत नाही ते त्याला गणितात नापास करीत नाही, भाषेत नापास करते. पण गुणपत्रिकेवर नोंद मात्र गणिताची होते.

काय मागावयाचे?

यातून काही मागण्या स्पष्ट होतात. पहिली, प्रत्येक शाळेत गणिताचा पूर्णवेळ, कायम शिक्षक असला पाहिजे. संगणक ही त्याची जोड आहे, पर्याय नव्हे. २०२३ साली महाराष्ट्रात कमी पटाच्या शाळा गुंडाळून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला. असे बेत उद्या ‘मुलांना पडद्यावर शिकवू’ या गोड शब्दांत येतील. त्या वेळी ज्ञानशालेचा प्रयोग आठवावा. दुसरी, वीज, संगणक व इंटरनेट यांची सोय सरकारी शाळेत प्रथम झाली पाहिजे. २०२३-२४ च्या शासकीय आकडेवारीप्रमाणे देशातील ५७.२ टक्के शाळांतच चालू संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. जंगलकाठच्या गावांत जोडणी तुटते. तेथे साहित्य शाळेतल्याच संगणकावर साठवून इंटरनेटवाचून चालविता येते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या ‘क्लिक्स’ प्रकल्पाने राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा व मिझोरमच्या शाळांत हे करून दाखविले आहे. तिसरी, सार्वजनिक पैशाने घेतलेले सॉफ्टवेअर मुक्त असावे आणि शिक्षकांनी रचलेले पाठ जनतेच्या मालकीचे राहावेत. चौथी, मुलांच्या भाषांत साहित्य व्हावे आणि त्यासाठी शिक्षकांना वेळ व मोबदला मिळावा. निवडणूक, जनगणना यांची ओझी वाहून उरलेल्या वेळात हे काम होणार नाही.

आणि एक काम असे आहे की ज्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२४च्या ‘असर’ पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या सुमारे ९० टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. परंतु तो वापरता येणाऱ्या मुलांपैकी ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्यावर समाजमाध्यमे पाहिली आणि ५७ टक्के मुलांनी काही शिक्षणाचे केले. यंत्र घरात आले आहे. त्याला वळण लावणारे माणूस नाही. गावच्या वाचनालयात, युनियनच्या कचेरीत, शेतमजुरांच्या वस्तीत संध्याकाळी एक तास, एक दिवा, एक फोन आणि भागाकार जाणणारा एक तरुण कार्यकर्ता एवढ्यावर गणिताचा वर्ग उभा राहतो. वर्गात पहिले उदाहरण आईच्या मजुरीच्या पावतीचे असावे.

सरगूरच्या एखाद्या मुलीने मळ्यावरची मजुरी दर आणि दिवस यांच्या गुणाकाराने तपासली आणि मुकादमाला नम्रपणे सांगितले, ‘अण्णा, हिशेब चुकला आहे,’ त्या दिवशी तेथील शाळेतल्या संगणकाचे चीज झाले असे समजावे. तोवर यंत्रांची संख्या मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही.